काचेतील समुद्र आणि त्यातील शेजारधर्म

समुद्रापासून कोसोगणती दूर असलेल्या शहरात, बैठकीच्या खोलीतील खिडकीशेजारच्या मेजावर, काचेच्या लहानशा पात्रात खारे पाणी, चार दगड, थोडे हिरवे शेवाळ आणि पाच-सात जिवंत प्राणी ठेवून त्यास समुद्र म्हणावे, ही कल्पना मानवजातीच्या इतिहासात फार अलीकडची आहे. रोमन धनिकांनी नेपल्सच्या उपसागराकाठी खाऱ्या पाण्याची मत्स्यकुंडे बांधली होती आणि चीनमध्ये सोनेरी माशांची पैदास कित्येक शतके चालत आली होती. परंतु पहिल्या ठिकाणी समुद्र स्वतःच पाटाने आत येत-जात असे, आणि दुसऱ्या ठिकाणी समुद्राचा संबंधच नव्हता. समुद्राशी कोणतेही नाते न राखता खाऱ्या पाण्याचे पात्र महिनोन्‌महिने टिकवणे साधले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, इंग्लंडात. काचेवरील कर १८४५ साली उठला होता, आगगाडीने किनारा राजधानीपासून काही तासांवर आणला होता, आणि वनस्पती व प्राणी यांच्यातील वायूंची देवघेव रसायनशास्त्रज्ञांस कळू लागली होती. म्हणून या छंदाचा इतिहास लिहिणारे सामान्यतः काच, आगगाडी आणि प्राणवायू एवढ्यातच तो आटोपतात. मला तो खुलासा अपुरा वाटतो. पात्र मिळाले, पाणी मिळाले, प्राणवायूचाही बंदोबस्त झाला, तरी त्या दहा-वीस लिटर पाण्यात कोणी कोणाच्या शेजारी राहावे हा प्रश्न शिल्लकच होता, आणि पहिल्या पिढीच्या हौशी मंडळींनी जे खरोखर नवे ज्ञान संपादन केले ते या प्रश्नापायीच केले.

या प्रश्नाची सुरुवात कोठून धरावी याविषयी मतभेद होऊ शकेल. सिसिलीतील मेसिना येथे राहणाऱ्या झान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच विदुषीने १८३२ च्या सुमारास काचेची पात्रे करवून घेतली आणि अर्गोनॉट नावाचा अष्टपाद आपला कागदासारखा पातळ शंख स्वतः घडवतो, तो दुसऱ्या कोणाचा बळकावत नाही, हे त्यांत सिद्ध करून दाखविले. परंतु त्यांचे लक्ष एकाच प्राण्यावर होते आणि समुद्र दाराशी होता. परस्परविरोधी स्वभावाच्या जिवांना एका पात्रात नांदवण्याची निकड त्यांस पडली नव्हती.

ती पडली ॲना थिन यांस, आणि तीही जवळजवळ अनवधानाने. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेचे उपाधिष्ठाते लॉर्ड जॉन थिन यांच्या या पत्नी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर असताना त्यांच्या दृष्टीस पेल्याच्या आकाराचे, एकेकटे वाढणारे दगडी प्रवाळ पडले. ते जिवंत लंडनला न्यावेत असे ठरवून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजाला टाचले, म्हणजे प्रवासात आदळणार नाहीत आणि पाणी त्यांस सर्व बाजूंनी लागेल, आणि तो स्पंज बरणीत घेऊन त्या राजधानीत परतल्या. किनाऱ्यावरून ताजे पाणी वारंवार आणवणे जमेना, तेव्हा त्यांनी घरातील दासीकडून पात्रातील पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज अर्धा-पाऊण तास ओतवून घेतले, जेणेकरून हवा त्यात मिसळावी. इतिहासाने बाईसाहेबांचे नाव राखले. रोजचा तो अर्धा-पाऊण तास ज्या हातांनी पाणी ओतले ते हात निनावीच राहिले. पुढे १८४७ साली थिनबाईंनी त्या पाण्यात समुद्रशेवाळाची जोड दिली, प्रवाळांस पिले झाली, आणि त्यांची निरीक्षणे १८५९ साली शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. या यशात एक गोष्ट सहसा नजरेआड होते, ती ही की थिनबाईंनी निवडलेला प्राणी जागचा हलत नव्हता, अन्न थोडे घेत होता आणि शेजाऱ्यावर चाल करून जाणारा नव्हता. लहान पात्रासाठी याहून सालस रहिवासी त्या काळच्या किनाऱ्यावर शोधूनही मिळाला नसता, आणि बाईंनी तो निव्वळ सौंदर्यावर भुलून घेतला होता.

निवडीस पहिल्यांदा तर्काचे अधिष्ठान दिले ते रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. लंडनच्या ॲपोथिकरीज हॉलमध्ये रसायनज्ञ म्हणून काम करणाऱ्या या गृहस्थांनी १८४९ साली बारा गॅलनांच्या, म्हणजे सुमारे चौपन्न लिटरांच्या, गोड्या पाण्याच्या पात्रात दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी अंगाराम्ल वायू द्यावा, आणि दोघांचा जमाखर्च जुळावा, हा हिशेब कागदावर बिनचूक होता. परंतु वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा थर चढला, आणि मासे धोक्यात आले. तेव्हा वॉरिंग्टनांनी तळ्यातील पाच-सहा गोगलगाई आणून त्यात सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने फस्त केली, काच स्वच्छ केली, आणि त्यांची अंडी माशांच्या खाद्यात जमा झाली. १८५० साली केमिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी हा प्रयोग मांडला, आणि माझ्या मते त्या निबंधाचे खरे महत्त्व प्राणवायूच्या समतोलात नसून तिसऱ्या रहिवाशाच्या प्रवेशात आहे. कारण प्राणी निवडताना तो दिसतो कसा हे न विचारता तो करतो काय हे विचारण्याचा शिरस्ता येथून सुरू झाला.

१८५२ पासून वॉरिंग्टन समुद्राच्या पाण्याकडे वळले, आणि त्यांची १८५४ सालची टिपणे तर मुद्दाम लहान पात्रांविषयीच आहेत. गोड्या पाण्यातील गोगलगाईची जागा खडकावरील लहान समुद्री शंखाने घेतली. तळातील दांडगी तपकिरी शेवाळे चिकट स्राव सोडून पाणी नासवतात असे दिसल्यावर पातळ पानांच्या हिरव्या शेवाळांस पसंती मिळाली. बाजूने येणारा प्रखर उजेड थोपवण्यासाठी पात्राची मागील बाजू तिरपी करून खडकाच्या उतारासारखी केली गेली. हे सारे लहान फेरफार आहेत, पण त्यांतील प्रत्येकामागे कोणा ना कोणा जिवाचे मरण आहे.

याच सुमारास डेव्हनच्या किनाऱ्यावर फिलिप हेन्री गॉस प्रकृतिस्वास्थ्यासाठी येऊन राहिले होते. पूल बंदरात बालपण गेलेले, न्यूफाउंडलंड, ॲलाबामा आणि जमैका येथील सृष्टी जवळून पाहिलेले, ओहोटीच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून खडकांच्या कपारी धुंडाळणारे हे कर्मठ धर्मनिष्ठ गृहस्थ वॉरिंग्टनांपासून स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत आले. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाने १८५३ च्या मे महिन्यात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, तेव्हा त्यासाठी वेमथच्या किनाऱ्यावरून जिवंत प्राणी गोळा करून पाठविण्याचे काम गॉस यांनी केले. १८५४ साली त्यांचा या विषयावरील सचित्र ग्रंथ निघाला, आणि १८५५ साली त्यांनी खास हौशी लोकांसाठी एक हस्तपुस्तिका लिहिली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांस पाण्याचीच पंचाईत पडे, म्हणून त्यांनी कृत्रिम समुद्रजलाची तजवीजही सांगून ठेवली होती: चार क्वार्ट, म्हणजे सुमारे साडेचार लिटर, पाण्यास साडेतीन औंस साधे मीठ, पाव औंस एप्सम मीठ, दोनशे ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड आणि चाळीस ग्रेन पोटॅशियम क्लोराइड. हे पाणी गाळून त्यात प्रथम शेवाळ लावलेले दगड ठेवावेत, आठवडाभर वाट पाहावी, आणि मगच प्राण्यांस आत घ्यावे, असे त्यांचे सांगणे होते.

गॉस यांच्या निवडीत एक सूत्र आहे, जे त्यांनी नियम म्हणून ठळकपणे मांडले नसले तरी त्यांच्या प्रत्येक यादीतून डोकावते. त्यांनी शिफारस केलेले बहुतेक प्राणी भरती व ओहोटी यांच्या मधल्या पट्ट्यातील, खडकांतील डबक्यांत राहणारे आहेत: लालसर मणी-समुद्रफूल, खडकावरचा लहान शंख, पारदर्शक कोळंबी, ब्लेनी आणि गोबी हे तळाशी वावरणारे बोटभर मासे, लहान शंखवासी खेकडा. आता खडकातील डबके म्हणजे निसर्गानेच ठेवलेले लहान पात्र होय. उन्हाळ्यात दुपारी ते तापते, पाऊस पडला की त्याचा खारेपणा उतरतो, वाफ होऊन गेली की वाढतो, रात्री त्यातील प्राणवायू घटतो आणि सकाळी पुन्हा भरतो. जो प्राणी दिवसातून दोन वेळा ही अवस्था सोसत आला आहे त्यास लंडनच्या बैठकीतील पात्र परके वाटत नाही; आणि जो दहा वाव खोल, बाराही महिने एकसारख्या थंड आणि खाऱ्या पाण्यातून जाळ्याने वर काढला आहे तो कितीही देखणा असला तरी चार दिवसांत मान टाकतो.

आता ज्यांस प्रवेश नामंजूर व्हावा त्यांच्याविषयी, कारण हा भाग अधिक रंजक आहे. सर्वांत पहिला मान किनाऱ्यावरील हिरव्या खेकड्याचा आणि त्याच्या मखमली पोहणाऱ्या भाऊबंदाचा. हे दोघे पात्रात आले की प्रथम कोळंबी नाहीशी होते, मग लहान मासे, आणि शेवटी दोघांपैकी एक कात टाकून मऊ पडला की उरलेला त्याचाही समाचार घेतो. तारामासा सौम्य दिसतो, परंतु शिंपले उघडून खाण्यात त्याचा हातखंडा आहे. खडकावरचा एक जाड कवचाचा शंख शेवाळ चरणाऱ्या शंखासारखाच दिसतो, पण तो शेवाळाला तोंडही न लावता शेजाऱ्यांच्या कवचास भोक पाडून त्यांस आतून पोखरतो. अजाण माणसाने साफसफाईस म्हणून तो आणावा आणि महिन्याभरात पात्रात रिकाम्या शिंपल्यांचा खच पाहावा, हे वारंवार घडे. ब्लेनी मासा स्वभावाने गोड खरा, पण खडकावरील बार्नेकलांनी पाण्यात फेकलेली पिसासारखी पावले तो कुरतडून टाकतो. आणि डालियाच्या फुलासारखे दिसणारे मोठे समुद्रफूल तर सर्वभक्षी होय. बेरिक येथील वैद्य जॉर्ज जॉन्स्टन यांनी अशा एका समुद्रफुलाची हकीकत नमूद केली आहे, ज्याने बशीएवढा शिंपला गिळला. शिंपला आत आडवा बसून शरीराचे वरचे व खालचे असे दोन भाग पडले, तेव्हा त्या प्राण्याने तक्रार न करता खालच्या भागास दुसरे तोंड आणि दुसरे मुखहस्त फोडून काम चालू ठेवले. असा रहिवासी पाचशे लिटरांच्या हौदात कौतुकाचा विषय असेल, पंचवीस लिटरांत तो आपत्ती आहे.

तरीही भक्षक हा लहान पात्राचा सर्वांत मोठा शत्रू नव्हे, कारण तो निदान दिसतो. खरा धोका न दिसणाऱ्या मरणाचा. नळीत राहणारे सर्पुला जातीचे किडे लाल पिसाऱ्यासारखे इतके सुंदर दिसतात की प्रत्येकास ते हवेसे वाटत; परंतु तो प्राणी स्वतःस आपल्या पांढऱ्या नळीत आत ओढून घेऊन मेला, तर तो मेला आहे की रुसला आहे हे कळण्यापूर्वी पाणी दुधाळ झालेले असे. वाळूत गाडून घेणाऱ्या शिंपल्यांचीही तीच गत. मोठ्या हौदात एका शिंपल्याचे कुजणे पचून जाते. लहान पात्रात ते पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते, त्यामुळे दुसरा प्राणी मरतो, दोघांच्या कुजण्याने तिसरा, आणि हा क्रम एका रात्रीत पुरा होतो. म्हणून जुन्या जाणत्यांनी लपणाऱ्या प्राण्यांस लहान पात्रात मज्जाव केला, आणि रोज सकाळी हजेरी घेता येईल एवढीच वस्ती ठेवावी असा दंडक घातला. पाण्याच्या पातळीवर बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून, ती खाली गेली की तेवढेच गोडे पाणी घालण्याची सोपी युक्तीही याच मंडळींची, कारण पात्रातून उडून जाते ते पाणी, मीठ नव्हे.

निवडीच्या या इतिहासात एक जोडी मात्र अशी आहे की जिचा करार माणसाने करून दिलेला नाही. शंखवासी खेकड्याच्या एका जातीच्या शंखावर ॲडॅम्सिया नावाचे समुद्रफूल शालीसारखे गुंडाळून बसते. खेकड्याने खाताना सांडलेले तुकडे समुद्रफुलास मिळतात, समुद्रफुलाच्या दाहक तंतूंमुळे खेकड्याच्या वाटेस कोणी जात नाही, आणि ते समुद्रफूल शंखाच्या कडेला शिंगासारखे पातळ पापुद्रे जोडून बिऱ्हाडच मोठे करत नेते, त्यामुळे वाढत्या खेकड्यास नवा शंख शोधण्याची पाळी क्वचितच येते. गॉस यांनी ही जोडी आपल्या पात्रात ठेवून तिच्या स्थलांतराचे बारीक वर्णन केले आहे. ही जोडी खोल पाण्यातली, त्यामुळे नाजूक, आणि दोघांपैकी एक गेला की दुसरा झुरतो. लहान पात्रासाठी तिची शिफारस मी करणार नाही.

आता व्यापाराविषयी. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी १८५० च्या दशकात लंडनच्या पोर्टलंड रोडवर समुद्री प्राण्यांचे दुकान थाटले, १८५८ साली सचित्र किंमतपत्रक काढले, आणि किनाऱ्यावरील गोळा करणाऱ्यांकडून ओल्या शेवाळात बांधलेले जिन्नस आगगाडीने मागवून देशभर पुरवले. गिऱ्हाईक पत्रक चाळून जे सुंदर ते मागवी, आणि त्या मागणीत शेजारधर्माचा विचार नसे. गॉस यांच्यासारखा माणूस डबक्यात ज्यांस एकत्र पाहत होता त्यांना एकत्र आणत होता, उलट पत्रकाच्या एका पानावर शेजारी छापलेले प्राणी समुद्रात एकमेकांपासून कोसभर लांब किंवा एकमेकांच्या पोटात राहणारे असत. मला वाटते, या हौसेचा पहिला बहर ओसरण्याचे हे एक मोठे कारण होते. लॉइड १८६२ साली दिवाळखोर झाले. परंतु माणूस बुद्धिमान होता, आणि हॅम्बुर्ग येथे १८६४ साली व लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली त्यांनी उभारलेल्या सार्वजनिक मत्स्यालयांत प्रदर्शनाच्या हौदांहून मोठा अंधारा साठा जमिनीखाली ठेवून पाणी अहोरात्र खेळते ठेवण्याची योजना त्यांनी केली. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या संस्थांमागेही हेच मोठ्या पाण्याचे गणित आहे. ते मेजावरच्या पात्रास लागू पडत नाही, हे मात्र हौशी मंडळी विसरत आली.

मेजावरच्या पात्राचा खरा विक्रम एडिंबरोच्या नावावर आहे. सर जॉन ग्रॅहम डॅलियेल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या खडकांवरून एक मणी-समुद्रफूल आणून काचेच्या लहान बरणीत ठेवले, त्याचे पाणी ते रोज बदलीत, आणि मधूनमधून त्यास शिंपल्यातील मांसाचा तुकडा देत. १८५१ साली डॅलियेल वारले, तेव्हा ते समुद्रफूल दुसऱ्याच्या हवाली झाले, मग तिसऱ्याच्या, आणि अखेरीस १८८७ साली, पकडल्यापासून एकोणसाठ वर्षांनी, ते मेले. एडिंबरोत त्यास सर्वजण आजी म्हणत, आणि त्या शहराच्या वर्तमानपत्राने आजीचा मृत्युलेख छापला. या आजीने त्या बरणीत शेकडो पिलांस जन्म दिला. तिच्या घरात तंटा का झाला नाही याचा उलगडा पुष्कळ उशिरा, विसाव्या शतकात झाला. या जातीच्या समुद्रफुलाच्या काठावर निळ्या मण्यांची एक माळ असते. जुन्या निरीक्षकांना ती अलंकार वाटली, पण ती शस्त्रे आहेत, आणि परक्या कुळातील समुद्रफूल अंगास लागताच ती फुगवून त्यावर दाहक मारा केला जातो. स्वतःपासून निपजलेल्या, तंतोतंत आपल्यासारख्या पिलांवर मात्र तो होत नाही. म्हणजे खडकाच्या दोन बाजूंनी दोन लाल समुद्रफुले आणून शेजारी ठेवणारा हौशी माणूस, एकाच जातीची म्हणून निश्चिंत होऊन, नकळत वैरी एकत्र करत होता.

१८६० च्या दशकात ही लाट ओसरली, आणि तिची किंमत किनाऱ्याने दिली होती. एडमंड गॉस यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात, वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या गर्दीने डेव्हनच्या डबक्यांची कशी धूळधाण केली हे उघड खेदाने लिहिले आहे. ती नासाडी वडिलांच्याच लेखणीचे फळ होते आणि वडिलांस ती पाहवत नव्हती, ही गोष्ट मुलाने झाकून ठेवली नाही.

समतोलाच्या सिद्धान्तालाही पुढे दुरुस्ती लागली. सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० साली अमोनियास नायट्रेटकडे नेणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा छडा लावला, तेव्हा कळले की गॉस यांचा तो आठवडाभर थांबण्याचा दंडक बरोबर होता, पण अपुरा; दगडांवर हे जंतू वसण्यास आणखी कित्येक आठवडे लागतात. १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ व मासे राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजची लहान खारी पात्रे तिचीच वंशज आहेत. रहिवासी बदलले, उष्ण समुद्रातले झाले. गोबी मासा आणि त्याच्यासाठी बीळ खणणारी कोळंबी ही जोडी ॲडॅम्सियापेक्षा काटक असल्याने अधिक लोकप्रिय झाली. परंतु शेवाळ चरणारा शंख अजून आहे, एकेक प्राणी वाढवावा हा दंडक अजून आहे, आणि लहान पात्रात एकच बोटभर मासा पुरे हा फैसलाही कायम आहे.

हे वाचून ज्यांस अशी हौस करावीशी वाटेल त्यांनी डॅलियेल यांचा दाखला पुढे ठेवावा: एक प्राणी, थोडे अन्न, ताजे पाणी. एक सावधगिरी मात्र इंग्लंडच्या पुस्तकांत सापडणार नाही, ती येथे नोंदवतो. आपल्या देशात दगडी प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली २००१ पासून संरक्षण आहे. मालवणच्या खडकांवरून ते उचलून आणणे हा गुन्हा होय, आणि ॲना थिनबाईंचे अनुकरण सुईदोरा घेऊन करू पाहणाऱ्याने हे प्रथम ध्यानात घ्यावे.